वाढत्या अंगाचं जाकीट

"हात वर कर. आता खाली वाक, बुटाला हात लाव. हं. आता या घोड्यावर बस."

घोडा म्हणजे खोगीर मांडून ठेवायचा लाकडी ओंडका होता. पुण्यात, कॅम्पातल्या एका लहानशा दुकानात, माझी मुलगी रेवा त्यावर टांग टाकून बसली होती. तिच्या अंगात जाड फोमचं, काळं, बिनबाह्यांचं जाकीट होतं. घोड्यावरून पडल्यावर बरगड्या आणि पाठ शाबूत राहावी म्हणून घालतात ते. त्याला बॉडी प्रोटेक्टर म्हणतात हे मला आदल्या दिवशी कळलं होतं, पण दुकानात शिरल्यापासून मी तो शब्द असा काही फेकत होतो, की जणू आमच्या घरी दाराआडच्या खुंटीवर पिढ्यान्‌पिढ्या असले प्रोटेक्टर टांगलेले असतात.

दुकानाच्या मालकीणबाई, केतकर, स्वतः एके काळी घोडेस्वारी केलेल्या. त्यांनी रेवाच्या पाठीमागे जाकिटाची खालची कड आणि खोगीर यांच्यामध्ये आडवा हात घालून पाहिला.

"घट्ट वाटतंय?"

"थोडं."

"थोडं वाटायलाच हवं. दहा मिनिटं अंगात राहू दे. फोम उबेने नरम होतो आणि अंगाला धरतो. श्वास नीट घेता येतोय? मग झालं. हेच तुझं माप."

मी घसा खाकरला. "बाई, याच्याहून मोठं दाखवा ना जरा."

"कशाला? हे बरोबर बसलंय."

"आज बसलंय हो. पण वाढतं अंग आहे तिचं."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी आयुष्यात पुष्कळ बाप पाहिले असावेत.

आता इथे आमच्या घराण्याविषयी सांगायला हवं. आम्ही पागनीस. आडनावात पागा आहे, त्यामुळे लोकांना वाटतं आमचे पूर्वज समशेर उपसून घोडे दौडवत होते. तसलं काही नाही. आमचे पूर्वज पागेतले कारकून. घोडे किती, चंदी-चारा किती, नाल किती, हे लिहायचं आणि घोड्यापासून लांब बसायचं. घोड्याची पुढची आणि मागची अशा दोन्ही बाजू धोक्याच्या असतात, हे आमच्या रक्तात आहे. आणि रक्तातली दुसरी गोष्ट म्हणजे, कपडा घ्यायचा तो वाढत्या अंगाचा. माझ्या शाळेच्या चड्डीला आईने आत इतकी दुमड घातली होती, की ती दरवर्षी थोडी थोडी उसवत मी दहावी झालो. बुटात पुढे कापूस. मुंजीतला कोट मी कॉलेजच्या स्नेहसंमेलनात घातला आणि तेव्हाही बाह्यांतून माझी फक्त नखं दिसत होती. आमच्याकडे कपड्याची सगळ्यात मोठी स्तुती म्हणजे 'ऐसपैस आहे'.

घोड्याशी माझा स्वतःचा संबंध आयुष्यात एकदाच आला, लग्नात. पागनिसांचा नवरदेव मोटारीतून कसा येईल, म्हणून सासऱ्यांनी हौसेने पांढरा घोडा आणला. कोपऱ्यावर बँडवाल्याने ट्रम्पेट तोंडाला लावला. वाजवलाही नव्हता अजून. नुसता लावला, आणि मी मुंडावळ्यांसकट ढोलवाल्याच्या अंगावर. मग पुढे बँड, त्यामागे मोकळा घोडा आणि त्याच्यामागून लंगडत नवरदेव, अशी आमची स्वारी मंडपाच्या दारात पोचली. माझी बायको शैला आजही पाहुण्यांना सांगते, "आधी मला वाटलं, घोड्याशीच लावून देतायत."

तर अशा घरात रेवा जन्मली आणि अकराव्या वर्षी म्हणाली, मला घोडा शिकायचाय. नाशिकला आमच्या घरापासून थोड्या अंतरावर, गंगापूर धरणाच्या रस्त्याला, रिसालदार घोलप नावाच्या सैन्यातून निवृत्त झालेल्या गृहस्थांनी घोडेस्वारीची शाळा काढली होती. मी तिला तिथे घातलं. स्वतः कुंपणाबाहेर उभा राहायचो, पण मनातून फुगलो होतो. कारकुनांच्या वंशात पहिला स्वार, आणि ती माझी मुलगी! ऑफिसात कोणी काहीही विषय काढला, तरी तिसऱ्या वाक्याला मी घोड्यावर येत असे.

आठवीत असताना ती पडली. सरदार नावाचा तिचा घोडा उडी मारायच्या आडव्या बल्लीसमोर ऐनवेळी थांबला आणि ही बल्लीच्या पलीकडे गेली. मोडलं काही नाही, पण कुशीवर निळाजांभळा डाग उमटला आणि दोन दिवस ती शिंकायलाही घाबरत होती. शैलाने त्याच संध्याकाळी जाहीर केलं, "बस झालं. घोडा बंद."

मी उभा राहून भाषण केलं. हौस, जिद्द, खेळाडू वृत्ती, काय काय बोललो. रेवाची तीन आठवड्यांनी पहिली स्पर्धा होती, रविवारी. तिचं नाव गेलं होतं. शेवटी शैला म्हणाली, "ठीक आहे. ते अंगात घालायचं काय असतं ते आणा. घोलप सरांनी तपासून बरं म्हटलं, तरच ती घोड्यावर चढेल. आणि पुन्हा पडली ना, तर कायमचं बंद. मग मला कोणी काही शिकवायचं नाही." रेवा त्या सगळ्या वेळात ताटातली पोळी कुस्करत बसली होती. तिच्या वाटचं मीच बोलत होतो.

म्हणून स्पर्धेच्या आधीच्या गुरुवारी रजा टाकून आम्ही पुण्याला आलो होतो आणि केतकर बाई माझ्याकडे बघत होत्या.

"हे बघा पागनीस," त्या म्हणाल्या, "हा काही स्वेटर नाही. सैल असेल तर पडताना जाकीट वर सरकतं आणि बरगड्या उघड्या पडतात. दीडेक वर्षाने मोठं लागेल, तेव्हा मोठं घ्या."

"पण आरामशीर नको का? मुलीला कम्फर्टेबल वाटलं पाहिजे."

"कम्फर्टेबल म्हणजे गादी नाही हो. अंगात आहे हे विसरायला होतं, ते कम्फर्टेबल."

मी ऐकतो थोडाच! मी मोठ्या माणसांच्या फळीवरून दोन मापं मोठं जाकीट स्वतः काढलं आणि रेवाच्या अंगात चढवलं. ते छानच ऐसपैस होतं. आतून तिने हात गोल फिरवला, तर बाहेर पत्ता लागला नाही. बाई कपाळाला हात लावून गल्ल्यामागे जाऊन बसल्या.

"रेवा, तूच सांग. कुठलं बरं वाटतंय?" मी विचारलं.

तिने एकदा पहिल्या जाकिटाकडे पाहिलं, एकदा आरशात. मग म्हणाली, "हेच घेऊ या बाबा. हे कम्फर्टेबल आहे."

"बघा!" मी बाईंना म्हटलं.

"बघितलं," बाई म्हणाल्या. "नाही पटलं तर बदलून देईन. मात्र वापरायचं नाही आणि त्यावर काही लिहायचं-बिहायचं नाही."

परतीच्या वाटेवर नारायणगावला मिसळ खाताना रेवा म्हणाली, "बाबा, यावर नाव घालायचं ना? तिथे सगळ्यांची काळीच असतात. हरवेल."

मला गहिवरून आलं. पागनिसांची पोर शोभते! आमच्या घरात वाटी-चमच्यापासून पाटापर्यंत सगळ्यावर नाव असतं. घरी पोचल्याबरोबर मी धोब्याची न पुसणारी शाई आणली आणि जाकिटाच्या आतल्या बाजूला, कॉलरखाली, ठसठशीत अक्षरात लिहिलं: कु. रेवती मुकुंद पागनीस, इयत्ता आठवी, तुकडी अ. बाईंची सूचना मला आठवली नाही असं नाही. पण बदलायची वेळ येणारच नव्हती, कारण निवड माझी होती.

शनिवारी सकाळी आम्ही घोलप सरांसमोर उभे राहिलो. सर उंच, मिशा पांढऱ्या, आवाज दबका. त्यांनी रेवाच्या जाकिटाचे दोन्ही खांदे धरले आणि वर उचलले. जाकीट वर गेलं. रेवा जागेवरच राहिली. तिचं नाक, मग डोळे, एकेक करून आत गेले.

"बेटा, आहेस ना आत?" सरांनी विचारलं.

"हो सर," आतून आवाज आला.

मग त्यांनी तिला गोदावर बसवलं. गोदा ही शाळेतली म्हातारी घोडी, इतकी गरीब की तिच्या पाठीवर बसून लोक डबा खायचे. रेवा बसली मात्र, जाकिटाची मागची कड खोगिराला टेकली आणि सगळं जाकीट कासवाच्या पाठीसारखं वर उचललं गेलं.

"नाही चालायचं," सर म्हणाले.

"सर, मी तयारीने आलोय." मी पिशवीतून दोन पंचे काढले. "हे आत घालू. एक पुढे, एक मागे. बुटात नाही का आपण कापूस घालतो, तसं."

सरांनी बराच वेळ त्या पंच्यांकडे पाहिलं. सैन्यात त्यांनी खूप काही बघितलं असेल, पण हे नवीन होतं. "पागनीस साहेब," ते शेवटी म्हणाले, "पोरगी पडली तर पंचे शाबूत राहतील. हिला उद्या मी स्पर्धेत उतरवू शकत नाही."

माझ्या कानात शिट्ट्या वाजायला लागल्या. उद्या स्पर्धा! ऑफिसातली चार माणसं बघायला येणार होती. मी तिथूनच केतकर बाईंना फोन लावला. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "नाव घातलंत?" मी हो म्हटलं. "मग आता ते तुमचंच," त्या म्हणाल्या. "मुलीला घेऊन या, तिच्या मापाचं अजून फळीवर आहे."

"येतो! आत्ता निघतो! सहापर्यंत दुकान उघडं ठेवा!" मी फोन ठेवला. "रेवा, चल, बस गाडीत. दुसरं घेऊ. रात्रीपर्यंत परत येऊ."

रेवा गोदावरून उतरली होती. ती पाण्याच्या पिंपाच्या काठावर जाऊन बसली आणि म्हणाली, "नको."

"नको काय? अगं उद्या स्पर्धा आहे तुझी!"

"राहू दे ना बाबा. सर नाही म्हणाले ना. मग राहू दे."

तेव्हा मी तिच्याकडे नीट पाहिलं. स्पर्धा हुकलेल्या मुलीचा चेहरा असा नसतो. परीक्षा पुढे ढकलली की मुलं जशी दिसतात, तशी ती दिसत होती. घोलप सरांना ते आधीच दिसलं असावं. ते गोदाचा लगाम धरून थोडे लांब जाऊन उभे राहिले.

"रेवा, काय झालं?"

तिने आधी खांदे उडवले. मग एकदम म्हणाली, "ते पहिलं जाकीट मला बरोबर बसलं होतं. एकदम बरोबर. दहा मिनिटांनी कळतच नव्हतं अंगात आहे ते."

"मग मोठं का घेतलंस?"

"सर नाही म्हणतील म्हणून."

मी खाली बसलो, तिथेच, लिदेच्या बाजूला. "आणि नाव?"

"तुम्ही बदलून आणाल असं वाटलं." ती आता रडत होती. "बाबा, मला भीती वाटते. पडले ना, तेव्हा छातीतली सगळी हवा गेली आणि परत येईचना. रोज झोपताना मला ते आठवतं. आणि तुम्ही सगळ्यांना सांगत होता, रेवाला भीती ठाऊकच नाही. उद्या मी पडणार, आणि मग आई कायमचं बंद करणार. मला बंद नाही करायचं. पण मला भीती वाटते."

तिच्या बाजूने मी घरात एवढी मोठी लढाई लढलो होतो. फक्त तिला विचारायचं राहून गेलं होतं. आणि भीती या विषयात नाशिक जिल्ह्यात माझ्याइतका अधिकारी माणूस दुसरा कोण होता? पण तिने मला सांगितलं नव्हतं, कारण मी छाती पुढे काढून फिरत होतो. तीही दुसऱ्याच्या जिवावर.

जाकीट तिच्या मांडीवर पडलं होतं. मी ते उचललं आणि, देवाशपथ सांगतो, नुसतं हातांना काहीतरी काम हवं म्हणून अंगात घातलं. पट्ट्या ओढल्या. ते माझ्या खांद्यांवर, पाठीवर, सुटायला लागलेल्या पोटावर असं चपखल बसलं की मी चकित झालो. चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा मला माझ्या मापाचा कपडा मिळाला होता.

रेवा रडता रडता बघायला लागली. "बाबा, तुम्हाला एकदम फिट आहे."

"हो ना."

"बसा ना मग गोदावर."

"मी? वेडी आहेस का!"

"बसा ना. मी धरते."

कुठलाही शहाणा माणूस नाही म्हणाला असता. पण ती नाक पुसत उभी राहिली होती, आणि उभी राहिली हेच मला पुरे होतं. घोलप सरांनी माझ्या डोक्यावर हेल्मेट चढवलं, लाकडी पायरी लावली आणि मला पोत्यासारखं वर लोटलं. जमीन इतकी लांब असते हे मी लग्नानंतर विसरलो होतो.

"डोळे उघडा बाबा," रेवा खालून म्हणाली.

"उघडेच आहेत."

"बाबा."

मी उघडले. रेवा लगाम धरून चालायला लागली आणि गोदा निघाली.

"खाली नका बघू. तिच्या दोन कानांच्या मधून समोर बघा. टाचा खाली. मानेवरचे केस एवढे ओढू नका, तिला लागतं."

"तिला लागतं? माझं काय?"

"श्वास घ्या. तुम्ही श्वासच घेत नाही आहात."

"घेतो. रेवा, मला अगं, फार भीती वाटतेय."

"मला माहितीये," ती म्हणाली. तिचा आवाज आता सरळ झाला होता. "मला पण अशीच वाटते. इथे." तिने छातीच्या मधोमध हात ठेवला.

"अगदी तिथेच," मी म्हटलं.

असे आम्ही बापलेक मैदानाला फेरी मारत होतो. मी तिला ट्रम्पेटची गोष्ट सांगितली. ती तिने शैलाकडून शंभरदा ऐकली होती, पण ढोलवाल्याच्या अंगावर पडताना मी मनात आईला हाक मारली होती, हे तिला पहिल्यांदाच कळलं. ती हसली. आणि गोदाला काय झालं कोण जाणे, ती शिंकली.

नुसती शिंकली हो. बाकी काही नाही. पण माझ्यासारख्या माणसाला तेवढं पुरतं. मी आधी डावीकडे झुकलो, मग गोदाच्या गळ्याला मिठी मारली, मग ती मिठी हळूहळू सुटली आणि मी पाठीवर धप्पकन मऊ मातीत पडलो. वर निळं आभाळ होतं. गोदा वाकून माझ्याकडे बघत होती.

"बाबा!" रेवा धावली. "बाबा, बोला! लागलं का?"

मी वाट पाहिली. हवा गेली होती, पण ती परत आली. बरगड्या चाचपल्या. पाठ हलवून पाहिली. "नाही," मी म्हटलं, आणि मलाच ते खरं वाटेना. "रेवा, खरंच नाही लागलं."

"शप्पथ?"

"तुझी शप्पथ."

ती गुडघ्यांवर बसली आणि तिने माझ्या छातीवर, जाकिटावर, दोन्ही हातांनी ठोकून पाहिलं. दारावर ठोकतात तसं. मग जोरात ठोकलं. मग हसता हसता पुन्हा रडली. घोलप सर येऊन म्हणाले, "पागनीस साहेब, पडलात सुरेख. आता लगेच परत चढायचं, इथला नियम आहे." आणि मी चढलो! त्या पोरीसमोर दुसरं करणार तरी काय?

घरी गेलो तेव्हा शैलाने माझ्या पाठीवरची माती पाहिली.

"पडलात?"

"हो."

"पुन्हा?"

मी मान डोलावली. तिने माझ्या बरगड्यांत बोट खुपसून पाहिलं, आणि मी ओरडलो नाही म्हणून जरा निराशच झाली. मग रेवा मध्ये येऊन उभी राहिली. "आई, मी उद्या स्पर्धेत उतरणार नाहीये. मला भीती वाटते. पण बंद नको करू. मला माझ्या मापाचं जाकीट हवंय आणि मला हळूहळू उड्या मारायच्यात."

मी शैलाच्या उत्तराची वाट बघत होतो. भाषणही मनात तयार होतं. पण शैला मटकन खुर्चीत बसली आणि तिचे डोळे भरून आले.

"तुला वाटते होय भीती?" ती म्हणाली. "मग आधी नाही का सांगायचंस! तुला वाटतच नाही म्हणून तुझ्या वाटचीही मीच भीत होते."

पुढच्या रविवारी आम्ही तिघं पुण्याला गेलो. केतकर बाईंनी रेवाला पुन्हा लाकडी घोड्यावर बसवलं, पाठीमागे आडवा हात घालून पाहिला, आणि मी तोंडातून चकार शब्द काढला नाही. फक्त शैला म्हणाली, "जरासं मोठं नाही का? वाढतं..." आणि रेवाने व मी एकदमच तिला गप्प केलं.

रेवा पुढे खूप स्पर्धा खेळली. काही जिंकली, दोनदा पडली, घोडा बंद झाला नाही. ती आता बंगळूरला असते. मी मात्र अजून दर रविवारी घोलप सरांच्या शाळेत जातो. गोदा गेली, आता तिची नात आहे, तीही शिंकते. नवीन आलेली मुलं माझ्या जाकिटाच्या कॉलरमधलं नाव वाचतात आणि विचारतात, "काका, इयत्ता आठवी, तुकडी अ म्हणजे काय?"

मी त्यांना सांगतो, वाढत्या अंगाचं म्हणून घेतलं होतं.